तेल पिणारी गाडी

"गाडी तेल पितेय," असं म्हणून उदयसिंहांनी ऑइलची काडी बायकोच्या नाकासमोर धरली. "बघ. खालच्या खुणेच्याही खाली. असली गाडी घेऊन तू खंबाटकी चढणार? आणि तेही एकटी?"

"एकटी कुठं? आत्या आहेत की बरोबर," राजेश्वरी म्हणाली.

"आई काय घाटात धक्का मारणार आहे?"

राजेश्वरी कामोठ्यात राहायला येऊन वीस वर्षं झाली, पण साताऱ्याकडच्या माहेरचा, कोरेगावचा, ताठा काही उतरला नव्हता. गेल्या वर्षी, बेचाळिशी उलटल्यावर, तिनं लायसन्स काढलं होतं, तेही पहिल्या फटक्यात. पण नवरा गाडी द्यायचा ती फक्त खारघरच्या भाजीसाठी, नाहीतर पनवेलच्या दातांच्या डॉक्टरसाठी. त्यापुढच्या गावाचं नाव काढलं रे काढलं, की गाडी तेल प्यायला लागायची. उद्या रविवारी धाकट्या बहिणीचं, तेजश्रीचं, माहेरी डोहाळजेवण होतं. आणि फोनवर सगळ्या माम्या-काकू कान लावून बसलेल्या असताना राजेश्वरीनं ठणकावून सांगितलं होतं, "मी एसटीनं येणार नाही. स्वतः गाडी चालवत येणार!" आता एसटीनं जायचं म्हणजे अख्ख्या भावकीसमोर नाक कापून घ्यायचं. तिला विचाराल तर त्यापेक्षा न गेलेलं बरं, आणि न जाणं तर शक्यच नव्हतं.

"मग घाला की तेल," ती म्हणाली. "प्यायली तर प्यायली. माणसं काय कमी पितात?"

"डबा संपलाय."

"मी आणते. कोपऱ्यावर स्पेअर पार्टवाला आहे."

एवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून राजाबाईंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा आवाज आला. "काय आणतीस गं? तेल? आज शनवार हाय! शनवारी तेल इकत आणायचं न्हाई."

"आत्या, गाडीचं तेल आहे ते!"

"तेल ते तेल. शनी काय डबा उघडून वास घेऊन बघणाराय व्हय?"

राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. उदयसिंहांच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी आली. "बघ बाई, आईचा शब्द मी मोडू शकत नाही," ते अगदी हळहळून म्हणाले. "उद्या सकाळी कळंबोलीला एसटीत तुम्हा दोघींना मस्त खिडकीची सीट धरून देतो."

"खिडकीत तुम्ही बसा!" राजेश्वरीनं त्यांच्या हातातली काडी हिसकावून घेतली आणि परत जागेवर खोचली. "गाडी न्यायची म्हणजे न्यायची. शनिवार असो नाहीतर अमावस्या."

तेवढ्यात गेटवर पाण्याचा टँकर भोंगा वाजवत येऊन उभा राहिला. सोसायटीचे सेक्रेटरी अभय म्हात्रे धावत आले. "वैनी, गारी कारा, गारी कारा! टँकर आत घ्यायचा हाय!"

उदयसिंहांची गाडी कायम गेटच्या आतल्या चढावर, नाक वर करून उभी असायची. रस्त्यापेक्षा बिल्डिंग उंच, त्यामुळं तो चढ, आणि पार्किंगच्या वाटणीच्या वेळी सपाट जागा सगळ्या ज्यांना बोलता येतं त्यांनी घेतलेल्या. राजेश्वरीनं बॉनेट आपटलं, किल्ली उचलली आणि नवऱ्याचं "सावकाश, सावकाश" पुरं व्हायच्या आत गाडी मागं घेऊन बाहेरच्या रस्त्याला लावलीसुद्धा.

टँकर रिकामा व्हायला त्याचा त्याचा वेळ लागतो. डोकं तापलेलं, हाताला काम नाही, म्हणून तिनं पुन्हा बॉनेट उघडलं. काडी काढली, नीट पुसली, तळापर्यंत घातली, पुन्हा काढली. आणि बघतच राहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर!

"अहो, इकडं या! तेल वर आलंय!"

"वर यायला ती काय विहीर आहे?" म्हणत उदयसिंह आले, काडी पाहिली आणि भडकले. "तू तेल ओतलंस! माझी पाठ वळताच ओतलंस! शनिवारी!"

झालं! राजाबाई पायात चपला सरकवून खाली आल्या. "खरं सांग, आणलंस?"

"ज्योतिबाची शपथ आत्या, एक थेंब आणला असेल तर."

"टँकरवाल्यानं पानी तर नाय ना भरला?" म्हात्र्यांना शंका आली.

"ओ साहब, मेरा नाम बीच में मत लाओ," टँकरवाला वरूनच ओरडला.

टँकर गेल्यावर उदयसिंहांनी स्वतः गाडी आत आणली, चढावर लावली, इंजिन बंद केलं आणि लगेच काडी ओढली. तेल खालच्या खुणेखाली. "बघा!" ते सगळ्यांना काडी दाखवत सुटले. "गेटपासून इथपर्यंत येईतो प्यायली!"

राजेश्वरीनं गाडी परत रस्त्यावर नेली. या वेळी बॉनेटला टेकून, हाताची घडी घालून ती चांगली थांबली. एव्हाना गॅलऱ्या भरल्या होत्या. मग तिनं काडी काढली. तेल वर!

"भूत हाय गारीत," म्हात्रे मागं सरकत म्हणाले.

पण राजेश्वरी काडीकडे बघत नव्हती. ती त्या चढाकडे बघत होती. "आत्या," ती हळूच म्हणाली, "आपल्या गॅसचा पाय मोडला होता, तेव्हा तव्यावर काय व्हायचं?"

"काय व्हायचं? तवा तिरका, तेल सगळं एका कडंला. धिरडं हिकडं तळायचं आन् तिकडं कोरडं ठक्क." एवढं बोलून राजाबाई थांबल्या. त्यांनीही चढाकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून उदयसिंहांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही तेल मोजता कधी?"

"महाप्याहून, कामावरून आलो की. गाडी लावली की लगेच. गरमागरम."

"चढावर?"

"मग काय टेरेसवर नेऊ?"

"म्हणजे गाडी तिरकी, खालचं तेल सगळं मागं पळालेलं, वरचं अजून इंजिनातून उतरलेलंच नाही, आणि तुम्ही काडी बघून म्हणता, पिते! मग ओतता. जास्त झालं की धूर येतो."

"धूर येतो म्हणूनच तर मी म्हणतो, तेल जाळते!"

"आणि म्हणून आणखी ओतता!"

"अरे देवा," म्हात्रे म्हणाले, "म्हंजे गारी पीत नाय साहेब, तुमीच पाजताय!"

गॅलऱ्यांमधून हसू फुटलं. दुसरा कुणी असता तर तिथंच कान पकडून मोकळा झाला असता. पण उदयसिंह तेही साताऱ्याकडचेच. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण जास्त तेल झालेली गाडी तर घाटात अजिबात नेता येत नाही. ते काढायला पाहिजे. आणि आज शनिवार." असं म्हणून त्यांनी मोठ्या आशेनं आईकडे पाहिलं.

राजाबाईंनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. सून चाललीय म्हणून त्याही चालल्या होत्या, आणि एसटीत त्यांचे गुडघे धरायचे, हे त्यांच्या मुलाला अजून कळलेलं नव्हतं. "शनवारी तेल इकत आणू ने म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "काडू ने, असं मला तरी कुनी सांगितलं न्हाई. जा गं, काडून आन."

बासित मेकॅनिकच्या गॅरेजात जादा तेल निघालं. राजेश्वरीनं सपाट फरशीवर गाडी उभी करून, दमानं, स्वतः काडी बघितली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. तिला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

रविवारी पहाटे उदयसिंह बॅग घेऊन खाली हजर. "मी पण येतो. साधा रस्ता तू चालव, घाट आला की मी घेतो. चढाचं काम आहे ते."

"ज्यांना गेटचा चढ कळला नाही, त्यांनी घाटाचं बोलू नये," राजेश्वरी म्हणाली. "यायचं तर मागं बसा."

पुढं राजाबाई बसल्या होत्या, मागं ओटीचं सामान होतं. त्या सामानाच्या कडेला उदयसिंह लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसले. खंबाटकीत त्यांनी दोनदा "गिअर..." म्हणायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा राजाबाईंनी नुसतं मागं वळून पाहिलं. गाडी घाट चढून गेली. धूर नाही, कुरकुर नाही.

माहेरच्या दारात गाडी थांबली तेव्हा माम्या, काकू, मावश्या पदर सावरत, जावयासाठी म्हणून सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी धावल्या. "या, या पाहुणं, लई दिसांनी!" सगळ्यांत पुढं असलेल्या थोरल्या मामींनी वाकून दार उघडलं.

स्टेअरिंगवरचा हात काढून राजेश्वरी खाली उतरली. पदर खांद्यावर घेतला, मामींकडे पाहिलं आणि मागच्या काचेकडे बोट केलं.

"पाहुणं मागं हाईत," ती म्हणाली. "लाडवांजवळ."