लवकर हरणारी पाहुणी

"लवकर हरणारी मुलगी द्या," चष्मेवाले म्हणाले. "बाकी माझी काही अट नाही."

टेनिस क्लबचे सेक्रेटरी डोळे तपासायच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वळवून चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते आले होते नवा नंबर काढायला, पण मघापासून त्यांनी निराळीच गळ घातली होती, एक खेळाडू घरी ठेवून घ्या म्हणून. क्लबवर बायकांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरणार होती. इतक्या लहान स्पर्धेला येणाऱ्या मुलींना हॉटेल परवडत नाही. मग आसपासची माणसं एकेकीला घरी ठेवून घेतात. हरली की दुसऱ्या दिवशी ती बॅग उचलून पुढच्या गावच्या स्पर्धेला जाते.

"असं कुणी मागत नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "सगळ्यांना जिंकणारीच हवी असते."

"मला बुधवारी दुपारपर्यंत खोली रिकामी हवीय. मोठे मेहुणे येतायत."

सेक्रेटरींनी मान डोलावली. चष्मेवाल्यांचे मेहुणे म्हणजे काय प्रकरण आहे, हे त्यांनाही ऐकून माहीत होतं. मेहुणे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि अपमानसुद्धा ते ग्रॅममध्ये मोजत. मागच्या खेपेला पाहुण्यांच्या खोलीत रंगकाम चालू होतं, म्हणून त्यांची सोय हॉलमध्ये घडीच्या खाटेवर केली होती. सकाळी उठून त्यांनी खाटेला टेप लावली, "पाच फूट सात इंच. मी पाच फूट नऊ आहे," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. त्यानंतर कित्येक वर्षं बहिणीशी बोलणं नाही. आता कुठे बायकोनं फोन करकरून त्यांना यायला राजी केलं होतं. गेला महिनाभर ती त्या एका खोलीच्या मागे लागली होती. नवी गादी, नवे पडदे, सहा फुटांहून लांब पलंग.

"मग पात्रता फेरीतली एक देतो," सेक्रेटरी म्हणाले. "चारशेच्याही पलीकडचं रँकिंग आहे. शनिवारी येईल, रविवारीच हरेल. फार तर सोमवार."

"म्हणजे अगदीच कच्ची?"

सेक्रेटरींनी दुकानातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "असं बघा. सगळ्यांत वर चार मोठ्या स्पर्धा. तिथं जी चॅम्पियन होते तिला दोन हजार पॉइंट. ती तुमची सगळ्यांत वरची फळी समजा, काचेच्या आतली. तिच्याखाली हजारवाल्या स्पर्धा, मग पाचशेवाल्या, मग अडीचशे, मग सव्वाशे. जेवढे पॉइंट चॅम्पियनला, तेच त्या पायरीचं नाव."

"आणि आपली?"

"आपली पस्तीसची."

चष्मेवाल्यांनी खालच्या फळीवर नजर फिरवली, मग त्याच्याही खाली पाहिलं. तिथं सुट्या स्क्रूंचा डबा होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मुलगी आली ती स्वतःपेक्षा मोठी बॅग घेऊन. वीस-एकवीसची, उन्हानं रापलेली, बोलायला गोड. "काका, मी फार त्रास देणार नाही हं," म्हणाली आणि बायकोनं केलेला भात पातेल्यासकट संपवला. नव्या पडद्याच्या दांडीवर तिनं मोजे वाळत घातले, कपाटाच्या मुठीला रबरी पट्टा बांधून ती तासभर हात ताणत बसली. बायकोला मोजे दिसले, पण ती काही बोलली नाही. रविवारचाच तर प्रश्न होता.

रविवारी ती जिंकली. सोमवारी सकाळी चष्मेवाले स्वतः क्लबवर गेले. यजमानांसाठी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवलेल्या असत. हरली तर तिला तिथूनच सामानासकट गाडीत बसवून देऊ, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता.

टेनिस त्यांनी आजवर टीव्हीवरच पाहिलं होतं. तिथं चेंडू कसा सावकाश, पाहणाऱ्याला वेळ देत इकडून तिकडे जातो. पहिल्या रांगेतून तो दिसतच नव्हता. रॅकेटचा आवाज यायचा आणि चेंडू पलीकडच्या जाळीवर आपटलेला असायचा. मधलं काही नाही. आणि त्या मधल्या काही नसण्यात ही मुलगी, जी काल रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात दही मागत होती, चार पावलं पळून, वाकून, तो चेंडू परत धाडत होती. पलीकडची तिच्याहून जोरात मारत होती. दोघींच्या बुटांखालून धूळ उडत होती, आणि बघायला मोजून अकरा माणसं होती, त्यांतली दोन झोपलेली.

चष्मेवाले तोंड उघडं टाकून बसले होते. सगळं आयुष्य त्यांनी माणसांच्या डोळ्यांपुढे काचा धरण्यात काढलं होतं. डोळ्याला किती दिसतं आणि किती दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. स्क्रूंच्या डब्यात जर हे असं असेल, तर काचेच्या आतल्या फळीवर काय होत असेल, या विचारानं त्यांना खरोखर गरगरल्यासारखं झालं. मुलगी जिंकली तेव्हा ते टाळ्या वाजवत उभे होते. घराची आठवण त्यांना रस्त्यात झाली.

"जिंकली?" बायकोनं दारातच विचारलं.

"जिंकली. पण काळजी करू नकोस. मुख्य स्पर्धेत तिची गाठ थेट अग्रमानांकित खेळाडूशी आहे. बुधवारी सकाळी दहाला. बारापर्यंत हरेल. दादांची गाडी चारला येते."

"गादीवरची चादर बदलायला तासभर पुरे," बायको म्हणाली आणि कामाला लागली.

मंगळवारी संध्याकाळी मोरीतून आवाज आला. बायको धावली. मुलगी बेसिनपाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिनं मोरीच्या जाळीवर हात घट्ट दाबून धरला होता.

"काकू, लेन्स गेली," ती हळूच म्हणाली. "उजव्या डोळ्याची."

"दुसरी असेल ना?"

"तीच शेवटची जोडी होती. असू दे. चष्म्यावर खेळेन." तिनं बॅगेतून चष्मा काढला. त्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती. त्यावर खेळणं म्हणजे हरल्यासारखंच होतं, आणि ते तिलाही कळत होतं. ती रडली नाही, फक्त चष्मा पुसत राहिली.

मंगळवार म्हणजे दुकानाच्या सुट्टीचा दिवस. चष्मेवाल्यांना काहीच करायचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नुसतं गप्प बसलं की काम फत्ते. उद्या बारा वाजता खोली रिकामी, चार वाजता दादा पलंगावर, आणि बायकोच्या तोंडावर कित्येक वर्षांत न दिसलेलं हसू. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. मग ती उठली, खुंटीवरून दुकानाची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"जा," ती म्हणाली. "नाहीतर मला जेवण जायचं नाही."

दुकानात मुलीला खुर्चीत बसवून त्यांनी अक्षरांचा तक्ता लावला, आणि दोन मिनिटांत त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जुना नंबरच चुकीचा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला पाऊणनं.

"अगं, या डोळ्यानं तुला चेंडू नीट दिसत तरी होता का?"

"जवळ आल्यावर दिसायचा."

"आणि तोवर?"

"अंदाजानं."

चष्मेवाले स्टुलावर बसले. सोमवारी पाहिलेलं ते सगळं हिनं अंदाजानं केलं होतं. त्यांनी दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या लेन्सची पेटी काढली आणि एक जोडी तिच्या डोळ्यांत बसवली. मुलीनं पापण्या मिटल्या, उघडल्या, खिशातून चेंडू काढून लांब धरला.

"काका, यावरचं नाव वाचता येतंय," ती म्हणाली.

आपण काय करून बसलो, हे चष्मेवाल्यांना तेव्हा कळलं.

बुधवारी अग्रमानांकित खेळाडू तासाभरात हरली. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा बायको नवी चादर हातात घेऊन उभी होती. तिनं तीच चादर घडीच्या खाटेवर घातली. दुसरं काय करणार?

मेहुणे चारला आले. टाय, घडी न मोडलेला शर्ट, हातात बॅग. बहिणीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, "बरी आहेस ना चिमे?" म्हणाले आणि कुणी काही सांगायच्या आत सरळ खोलीचं दार ढकललं. आत मुलगी जमिनीवर पाठ टेकून, पाय भिंतीवर उभे करून पडली होती. पायांच्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

मेहुणे मागे वळले. त्यांची नजर हॉलमधल्या खाटेवर गेली, तिथं बराच वेळ थांबली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

बायकोच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पात्रता फेरीतली, चारशेच्या पलीकडची, लवकर हरेल म्हणून ठेवलेली मुलगी, हे उत्तर काही देण्यासारखं नव्हतं. चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "चॅम्पियन."

"कसली?"

"टेनिसची. इथल्या स्पर्धेची."

"स्पर्धा संपली?"

"नाही. रविवारी संपेल."

"मग ही आजच चॅम्पियन कशी?"

"होणार आहे," चष्मेवाले म्हणाले.

मेहुण्यांनी बॅग खाली ठेवली, पण तिचा पट्टा काही सोडला नाही. "चॅम्पियनसाठी मी खाटेवर झोपेन," ते सावकाश म्हणाले. "त्यात कमीपणा नाही. पण माल सांगितलाय तसा निघाला पाहिजे. रविवारपर्यंत मी बघतो. नाही निघाला, तर चिमे, हा माझा शेवटचा मुक्काम."

अशा रीतीनं ज्या माणसानं इतके दिवस तिच्या हरण्याची वाट पाहिली, तोच आता देव पाण्यात घालून बसला. गुरुवारी चष्मेवाल्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. शुक्रवारी उघडलंच नाही. रोज रात्री मुलीला डोळ्यांत थेंब घालायची ते आठवण करत, सकाळी बायको तिच्या पट्ट्या बदलून देई. मेहुणे पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसत. बॅग त्यांच्या पायांशी असे. गुरुवारी ती जिंकली. शुक्रवारी मुलीचा एक चेंडू रेषेला पुसटसा शिवून गेला आणि पंचांनी तो बाद दिला, तेव्हा मेहुणे ताडकन उभे राहिले.

"अर्धा सेंटिमीटर आत होता."

"कृपया खाली बसा," पंच म्हणाले.

"मी बसतो. पण होता आत."

मुलीनं रेषेवर परत जाऊन सर्व्हिस केली आणि तो गेमही घेतला. घरी जाताना मेहुण्यांनी बॅग चष्मेवाल्यांच्या हातात दिली. शनिवारी ती बॅग न्यायला सगळेच विसरले.

रविवारी मात्र मुलगी पहिला सेट हरली. पट्ट्यांतून रक्त बुटावर आलं होतं. चष्मेवाल्यांना पाहवेना, म्हणून त्यांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला. समोर नुसता हिरवा-पांढरा धूसर रंग राहिला.

"काय चाललंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पळतेय," बायको म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ती अजून पळतेय हो."

आता इतकी माणसं जमली होती की मागे उभं राहायलाही जागा नव्हती, आणि तरी श्वास ऐकू येईल इतकी शांतता होती. चष्मेवाल्यांना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं: रॅकेट, बूट, रॅकेट, बूट. एवढ्याशा गावात, पस्तीस पॉइंटांसाठी, एक पोर आपल्या अंगातला शेवटचा थेंबसुद्धा काढून मैदानावर ठेवत होती. या पायरीवरून त्या दोन हजारांच्या पायरीपर्यंत अशा किती जणी पळत असतील, याचा ते विचार करत राहिले. मग एकदम गलका झाला. त्यांनी घाईघाईनं चष्मा चढवला तर मुलगी मैदानावर उताणी पडलेली, बायको हमसून रडतेय, आणि मेहुणे खुर्चीवर उभे.

चषक म्हणजे वाटीएवढी वस्तू होती. घरी मुलीनं तो मेहुण्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला, सवयीनं.

"वजन फार नाही," ते म्हणाले. मग त्यांनी चषक दोन्ही हातांनी धरला आणि तो परत द्यायला बराच वेळ लावला.

सोमवारी मुलगी गेली. ती दिसेनाशी होते न होते तोच बायकोनं खोलीत नवी चादर घातली, पडदे झटकले आणि मेहुण्यांची बॅग आत नेऊन ठेवली.

मेहुण्यांनी ती बाहेर आणली. "मी हॉलमध्येच बरा आहे."

"अरे, पण आता खोली रिकामी आहे ना दादा."

"चॅम्पियन झोपली त्या पलंगावर मी घोरत पडू? काहीतरीच तुझं." ते खाटेवर बसले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या गावात दीड महिन्यानं स्पर्धा आहे. सव्वाशेची. सेक्रेटरी म्हणाले, या पस्तीस पॉइंटांवर तिला पात्रता फेरीत घेतील. तर तुम्ही दोघंही या."

बायको जागच्या जागी उभी राहिली. लग्न झाल्यापासून दादा तिच्यावर कशावरून ना कशावरून रुसतच आला होता. 'या' असं तो पहिल्यांदाच म्हणत होता.

"येऊ की," चष्मेवाले म्हणाले.

"फक्त खोलीचं विचारू नका," मेहुणे म्हणाले. "आमच्याकडे एकच आहे आणि ती कालच चॅम्पियनला देऊन टाकलीय. तुम्हाला हॉलमध्ये जमिनीवर झोपावं लागेल. चालेल?"

"चालेल रे," बायको म्हणाली आणि डोळे पुसत माळ्यावरच्या सतरंज्या काढायला स्टूल शोधू लागली.