मारोतराव आणि अडलेला सर्व्हर

लग्नाच्या जेवणात "याला किल करा!" असं ओरडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. बुफेच्या रांगेत एक पाहुणा पुऱ्या निवडत उभा होता. मारोतरावांनी त्याच्याकडे बोट केलं. "बराबर ह्योच अडवून बसलाय. किल करा, सगळं मोकळं व्हतंय." मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. किल ही सर्व्हरवर अडकलेलं काम बंद पाडायची कमांड आहे, हे त्याला समजावताना माझे गुलाबजाम संपले.

मारोतराव म्हणजे हिंगोलीतल्या आमच्या हळद संस्थेच्या सर्व्हरचे राखणदार. दिवसभर कमांड मारून कोणतं काम किती वेळ चाललंय ते बघतात. कसे आहात विचारलं, तर स्क्रीनकडे बघून सांगतात, "लोड कमी हाय." जगात त्यांना दोनच जाती मान्य आहेत: वेळेत संपणारे आणि अडवून बसणारे. अध्यक्षांचा लांबलचक अहवाल अडला, तर तोही मारतात.

"काहून बंद केला?" साहेब फोनवर गरजतात.

"रांगेत सगळे सारखे, साहेब."

या वाक्यासाठी मी त्यांच्यावर गौरवाचं पत्रक काढणार होतो. तेवढ्यात मला भ्रष्टाचार सापडला.

रोज दुपारी संस्थेच्या वारंगा फाट्याच्या काउंटरवर लोक जमले, की तिथून नावावरून शेतकऱ्यांची खाती शोधणं सुरू होई. नाव थेट सापडावं म्हणून लावायची सूची, म्हणजे इंडेक्स, तिथे नव्हती; प्रत्येक नावासाठी सर्व्हर सगळी यादी पहिल्यापासून चाळत बसे. स्क्रीन लाल. आणि अध्यक्षांना न घाबरणारे मारोतराव हाताची घडी घालून गप्प! मग फोन वाजे. काउंटरवरच्या शांताबाई.

"मारोती, तुहं मशीन पुन्हा अटकलं रे. जेवला का?"

"न्हाई, मावशी. तुमी काय भाजी केली?"

भाजीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं होई, तोवर शोध संपे.

मी भडकलो. "कुरुंदा काउंटरच्या नावांना इंडेक्स केला, गोरेगावच्या केला. मग पाच मिनिटांत होणारं वारंग्याचंच काम का राहिलं? तिकडे लोक उन्हात उभे आहेत!"

"करायचंय. राहून राहिलं."

"रांगेत सगळे सारखे ना, मारोतराव?"

ते कीबोर्डकडे वळले आणि एक ओळ टाइप केली.

दुसऱ्या दिवशी वारंग्याचे शोध पापणी लवायच्या आत संपू लागले. स्क्रीन हिरवीगार. न्यायाचा विजय झाला होता आणि विजेता मी होतो. दुपार सरत आली. मारोतरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, लाइन चालू असल्याची खात्री केली, परत ठेवला. खानावळीचा डबा तसाच बंद होता. पुन्हा रिसीव्हर उचलला. मी फायलीत तोंड घातलं.

शेवटी फोन वाजला.

"मारोती, आज अटकलंच न्हाई रे. बिघडलं का काय?"

"न्हाई, मावशी. सुधारलं."

"मंग तुहा आवाज काहून असा? जेवला का?"

"जेवूनच राहिलो," मारोतराव म्हणाले, आणि डबा जवळ ओढून त्याचं झाकण उघडू लागले.