उभ्या प्रवासाचे शिल्पकार

सहाव्या मजल्यावरच्या मुलाखतीच्या खोलीत चार मिनिटांपासून कुणीही बोललेले नव्हते. अध्यक्ष समोर बसलेल्या उमेदवाराचा, म्हणजे मामांचा, बायोडाटा तिसऱ्यांदा वाचत होते. शेजारच्या मॅडम तोच दुसऱ्यांदा वाचत होत्या. आणि तिसरे सभासद, ज्यांच्याकडे फक्त मान डोलावण्याचे खाते होते, ते तो या दोघांच्या चेहऱ्यांवरून वाचू पाहत होते. एवढ्यात भिंतीपलीकडे लिफ्ट कण्हली, थबकली, पुन्हा चालू लागली. ती अशी थबकते म्हणूनच मेकॅनिकची जागा निघाली होती. मामांनी कान टवकारले. शांततेच्या तळाशी एक बारीक खरखर साचली होती, आणि ती ऐकू येणारे खोलीत ते एकटेच होते.

मामांनी बावीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कंपनी बंद पडून आठ महिने झाले. ‘बावीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या’ एवढ्या एका ओळीचा अर्ज त्यांनी एकतीस ठिकाणी पाठवला, आणि एकतिसांपैकी एकानेही नकार कळवण्याएवढी माणुसकी दाखवली नाही. शेवटी बायोडाटा लिहून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या भाचीने कपाळाला हात लावला.

“मामा, अर्ज आधी मशीन वाचतं रे. ‘दुरुस्त’ म्हटलंस की आधी काहीतरी बिघडलं होतं हे कबूल होतं. गुण कापतात त्याचे.”

“मग बिघडलेल्या लिफ्टचं मी काय करायचो?”

“तिला प्रगतीच्या वाटेवर आणायचास!”

मामांनी सांगितलेल्या कामातून ग्रीस गेले, कारण त्याने प्रतिमा मळते. पाना गेला. शेवटी ‘लिफ्ट’ हा शब्दही दृष्टिकोन संकुचित करतो म्हणून वगळण्यात आला. उरले ते असे: ‘उभ्या प्रवासाचे शिल्पकार. अडकलेल्या घटकांशी फलदायी संवाद. संकटसमयी स्वतःहून पुढाकार.’ मशीनने शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. मामांनी ते वाचले आणि या थोर गृहस्थाला एकदा भेटायला हवे, असे त्यांना मनापासून वाटले.

“अप्रतिम,” अध्यक्ष अखेर म्हणाले. “पण लिफ्टचं काम येतं का तुम्हाला?”

“तेच तर येतं, साहेब. बावीस वर्षं!”

“यात कुठे आहे?”

“हातात आहे.”

“हात जोडपत्रात येत नाहीत,” मॅडम हळहळल्या. “शिवाय मेकॅनिकच्या जागेला तुम्ही फारच मोठे आहात हो.”

“मग मोठी जागा द्या.”

“मोठ्या जागेला मेकॅनिकचा अनुभव लागतो.”

तिसऱ्यांनी मान डोलावली. हे इतके चोख होते की क्षणभर मामांचीही मान डोलली.

“बरं, नोकरीचं राहू द्या,” ते उठत म्हणाले. “पण तुमच्या लिफ्टच्या दाराचा विजेचा कॉन्टॅक्ट झिजलाय. इथूनच ऐकू येतंय. आज तिच्यात कुणी बसू नका.”

“हा सल्ला तुम्ही कोणत्या नात्याने देताय?” अध्यक्षांनी विचारले.

मामांनी खूप आठवून पाहिले. शिल्पकार या नात्याने त्यांना लिफ्टमधले काहीच कळत नव्हते. जागा कुणालाच द्यायची नाही, असे एकमताने ठरले आणि मंडळ जेवायला निघाले. तिघे लिफ्टमध्ये शिरले. दार मिटले. लिफ्ट कण्हली, दीड मजला उतरली आणि थांबली ती थांबलीच.

“आहे का कुणी बाहेर?” खालून अध्यक्षांचा आवाज आला. “कुणी पुढाकार घेईल का?”

बाहेर बाकांवर त्रेचाळीस उमेदवार बसले होते. ‘संकटसमयी स्वतःहून पुढाकार’ हे वाक्य त्रेचाळिसांच्याही बायोडाटात होते. तुमच्याही आहे, उगाच मान वळवू नका. त्रेचाळिसांनी आपापल्या बायोडाटाची घडी उलगडून ते वाक्य जागेवर आहे याची खात्री केली आणि ते अधिक ताठ बसले.

“अहो शिल्पकार!” आता मॅडमचा आवाज आला. “तुम्हाला येतं म्हणाला होतात ना? येतं ना?”

मामांचा हात सवयीने खिशातल्या पान्याकडे गेला. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून बायोडाटा काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सावकाश वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली.

“येतं ना हो?”

“यात तर कुठे नाही,” म्हणत मामांनी कागदाची नीट घडी घातली आणि ते घरी जायला जिना उतरू लागले.