अनुस्वारकाकांना हवा तो शब्द

दंतवैद्यांच्या जाहिरातीत ‘दुखरे हात वेदना न होता काढून मिळतील’ असं छापून गेलं आणि छापखान्यातल्या सगळ्या नजरा अनुस्वारकाकांकडे वळल्या. काका तीस वर्षं तिथे मुद्रितं तपासत होते. शनिवारी निवृत्त व्हायचं होतं, आणि आजवर एकही चूक नजरेतून सुटली नाही, एवढीच त्यांची मिळकत होती. दंतवैद्यांकडे चिटपाखरू फिरकेना आणि मालक काकांशी बोलेनात.

दोन दिवसांनी मूळ कागद सापडला. ‘हात’ खुद्द दंतवैद्यांच्याच हातचा होता, आणि गिऱ्हाइकाच्या मजकुराला धक्का लावायचा नाही, ही ताकीद मालकांचीच होती.

“झालं, सुटलात तुम्ही,” मालक म्हणाले.

“सुटतो तो चोर,” काका म्हणाले. “फळ्यावर लेखी लावा.”

मग शब्दावर घोडं अडलं. ‘क्लीन चिट’ काकांना नको होती. ती मिळालेल्या माणसाकडे लोक जास्तच निरखून बघतात, असं त्यांचं म्हणणं. ‘संशयाचा फायदा’ ऐकल्यावर तर ते डबाच न उघडता बसून राहिले. ‘निर्दोष’ लिहायला मालक तयार होईनात, कारण एवढा मोठा शब्द त्यांनी पोटच्या मुलालाही कधी लावला नव्हता. शेवटी ‘दोषमुक्त’वर तडजोड झाली.

घरी बायकोने भाजी निवडता निवडता सहज विचारलं, “रोगमुक्त म्हणजे आधी रोग असतो ना? मग दोषमुक्त म्हणजे काय हो?”

दुसऱ्या दिवशी काका तीन शब्दकोश उघडून बसले. सूचनेचं मुद्रित समोर आलं तेव्हा ते ‘मुक्त’ची व्युत्पत्ती शोधत होते. त्याच तंद्रीत त्यांनी खाली ‘बरोबर’ लिहून सही ठोकली.

सूचना फळ्यावर लागली. यंत्रावरचा माणूस ती मोठ्याने वाचायला लागला आणि वाचता वाचता अडखळला. ‘चौकशीअंती आमचे मुद्रितशोधक पूर्णपणे दोषयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे.’ खाली काकांची सही.

मालक ओशाळले. टाइप त्यांनीच केलं होतं. “फाडून टाकतो,” ते म्हणाले. “हवं तर ‘निर्दोष’ लिहितो.”

काका फळ्याजवळ गेले. तीस वर्षांतली पहिली चूक. त्यांना वाईट वाटलं, आणि गंमत म्हणजे जरा हलकंही वाटलं. कानावरची लाल पेन्सिल काढून त्यांनी ‘यु’ खोडला आणि वर ‘मु’ लिहिला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “आता हाच शब्द बरोबर आहे. हवं तर आमच्या घरी विचारा.”