दुसरी करवत

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्याने सुरू झालेल्या ध्वनिकक्षापुढे रांग लागली होती. त्या रांगेत सुतारकाकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या पिशवीत, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली, नवऱ्याच्या घोरण्याची कॅसेट होती. ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती आणि ती तशीच राहावी अशी त्यांची फार इच्छा होती.

सुतारकाकू हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा सुतार, म्हणून गल्लीने त्यांना सुतारकाकू करून टाकलं. संसार चांगला झाला. भांडण एकच होतं, पण ते जन्मभर पुरलं. नवरा घोरत असे आणि ते कबूल करत नसे. "स्वप्नात ऐकलं असशील," असं म्हणून तो शांतपणे चहा पिऊ लागे. शेवटी एकदा काकूंनी शेजारणीचा टेपरेकॉर्डर मागून आणला, उशाशी ठेवला आणि पुरावा गोळा केला. सकाळी सुरुवातीचा तुकडा त्याला ऐकवला. एखादी फळी सरळ आहे की नाही ते बघावं तसे डोळे बारीक करून त्याने ऐकलं आणि निकाल दिला, "ही कुठली तरी मोटार आहे. चढावर अडकलेली." काकूंनी रागारागाने कॅसेट शिवणाच्या डब्यात टाकली ती पुन्हा कधी लावली नाही.

आता तो जाऊन वर्ष उलटलं होतं आणि काकूंना झोप येत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, लेकीने उशी बदलून पाहिली. काकूंना मात्र दुखणं नेमकं माहीत होतं. घरात फार शांतता होती. ज्या आवाजाच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, तोच ऐकू यावा म्हणून त्या कान देऊन पडून राहत. डब्यात ती कॅसेट सापडली तेव्हा त्या होत्या तिथेच खाली बसल्या. पण वाजवायची कशावर? शेजारणीचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. दुरुस्तीवाल्याने कॅसेट उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं, की फीत चिकटली आहे, साध्या यंत्रात घातली तर एकदाच वाजेल, तीही तुटताना.

ग्रंथालयाचं लेकीने सुचवलं. तिथे पूर्वी मोडक्या खुर्च्यांची एक खोली होती. विद्यापीठाचा एक जुना विद्यार्थी पुढे लाकडाच्या वखारीवर मोठा झाला. त्याने देणगी दिली, तशा खुर्च्या हलल्या आणि त्यांच्या जागी जुन्या फिती अलगद उतरवून घेणारं यंत्र आलं, फिती जपायची थंड कपाटं आली. लोकांनी घरातल्या कॅसेट आणून द्यायच्या. मूळ फीत संग्रहात राहणार, प्रत घरच्यांना फुकट मिळणार. पण पहिल्याच आठवड्यात लग्नांचा आणि वाढदिवसांचा असा ढीग पडला की ग्रंथालयाला अट घालावी लागली. अभ्यासाला उपयोगी असेल तेच घेऊ.

रांगेत काकूंच्या पुढे एक गृहस्थ आजोबांची भाषणं घेऊन उभे होते आणि मागे एक बाई पक्ष्यांचे आवाज घेऊन. खिडकीत ध्वनिकक्षाचे प्रमुख स्वतः बसले होते.

"यात काय आहे, काकू?"

"आमच्या ह्यांचा आवाज."

"गायचे?"

"छे. सुतार होते."

"मग काम करतानाचा वगैरे आहे का?"

काकूंनी मागे पाहिलं. पक्ष्यांच्या बाई कान टवकारून उभ्या होत्या. "करवतीचा आहे," काकू म्हणाल्या.

खोटं एवढंच, एका शब्दाचं. पण त्या शब्दाने प्रमुखांचा चेहराच पालटला. हातकरवतीचा आवाज! संपत चाललेल्या कारागिरीचे आवाज गोळा करायचे म्हणून ते केव्हापासून खटपट करत होते, आणि लोक त्यांना केक कापतानाच्या टाळ्या आणून देत होते. त्यांनी दोन्ही हातांनी कॅसेट घेतली, काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिताना काकूंच्या मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर कॅसेट परत पिशवीत आली असती. त्यांनी पाणी संपवलं.

चारेक दिवसांत घरी एक प्राध्यापक हजर झाले. कारागिरीचा इतिहास हा त्यांचा विषय होता. प्रमुखांनी त्यांना कॅसेट ऐकवली होती आणि ते भारावून गेले होते. लाकूड जून असणार, मधेमधे गाठी लागताहेत, तिथे करवत कशी अडखळते आणि मग एकदम सुटते, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. नवऱ्याची करवत भिंतीवर टांगलेली होती, तिचे फोटो काढले. मग वही उघडून विचारलं, त्या वेळी ते काय करत होते?

गोंधळात काकूंच्या तोंडून खरं तेच निघालं. "पलंगावर होते."

"पलंगाचं काम," प्राध्यापकांनी लिहून घेतलं. "आणि काकू, त्यांचा जोडीदार कोण?"

"कसला जोडीदार?"

"पुढे दुसरी करवत सुरू होते ना. जरा बारीक, पण फार जोरकस. ते ऐकलं आणि पुढचं ऐकायला थांबलोच नाही, आधी तुमचा पत्ता मिळवला."

काकूंनी आठवून पाहिलं. त्या खोलीत नवरा आणि त्या, तिसरं माणूस नव्हतं. मग घोरत कोण होतं? क्षणभर त्यांच्या मनात नको ते येऊन गेलं आणि मेलेल्या माणसावर संशय घेतल्याची लाजही वाटली. शेवटी एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू दिला.

"मीच होते. हाताला हात म्हणून."

प्राध्यापक उठूनच उभे राहिले. स्त्रिया करवत चालवत, याचा ध्वनिरूप पुरावा त्यांनी आजवर कुठे पाहिला नव्हता. म्हणजे ऐकला नव्हता. आठवडाभरात निमंत्रणपत्रिका छापून आली. देणगीदार वखारवाले प्रमुख पाहुणे, कॅसेटचं जाहीर श्रवण, आणि ज्येष्ठ महिला कारागीर म्हणून सुतारकाकू व्यासपीठावर. प्रत त्यांना समारंभातच देणार होते.

लेकीने पत्रिका वाचली आणि आईकडे पाहिलं. बाबा गुणगुणत काम करायचे, करवतीला हात लावू द्यायचे नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. काकूंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. लेक आधी हसली, इतकी की तिला भिंत धरावी लागली. मग तिचं हसू गेलं.

"आई, तू विद्यापीठाला बाबांचं घोरणं दान केलंस?"

"दान कुठे, उतरवून घ्यायला दिलंय."

"उद्याच्या उद्या जाऊन खरं सांग."

काकू खरंच गेल्या. पण प्रमुख त्यांना बोलू देतील तर ना. त्यांनी काकूंना शेजारची रिकामी खोली दाखवली. इथे काचेच्या छोट्या खोल्या होणार, कुणीही यावं, बसावं, हवा तो आवाज ऐकावा. त्यासाठी वखारवाल्यांनी दुसरी देणगी द्यायला हवी, आणि ते आढेवेढे घेत होते. परवा त्यांना काकूंच्या कॅसेटचा तुकडा ऐकवला तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, म्हणाले, वडिलांची आठवण झाली. "आता सगळं तुमच्या कॅसेटवर आहे, काकू," प्रमुख म्हणाले. काकू म्हणाल्या, खोली छान हवेशीर आहे, आणि घरी आल्या.

समारंभाला सभागृह भरलं. लेक पहिल्या रांगेत, रुमाल तोंडाशी धरून. टेबलाशी वखारवाले, प्राध्यापक आणि काकू, प्रत्येकापुढे माइक. प्राध्यापकांनी प्रस्तावना लांबवली, दिवे मंद झाले आणि कॅसेट सुरू झाली.

पहिला श्वास आत गेला तसा काकूंनी टेबलाचा काठ घट्ट धरला. तोच होता. आत जाताना खरखर, वर एक क्षण थांबणं, मग सावकाश उतरणं. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो आवाज सभागृहभर पसरला होता आणि तीनशे माणसं त्याला लाकूड समजून माना डोलावत होती. काकूंचं कोपर आपोआप उचललं गेलं. जन्माची सवय, 'अहो, कुशीवर वळा,' म्हणायचं आणि ढोसायचं. शेजारी प्राध्यापक आहेत हे त्यांना अगदी ऐन वेळी आठवलं.

ठरलं होतं जरासं ऐकवून थांबवायचं. प्रमुखांनी यंत्राकडे हातही नेला होता. पण वखारवाल्यांनी डोळे मिटल्या-मिटल्या बोट वर केलं: चालू द्या. देणगी देणाऱ्याचं बोट वर असताना यंत्र बंद करायची हिंमत कोण करणार? कॅसेट चालू राहिली. काकूंनी जागं राहायची शिकस्त केली. स्वतःला चिमटे काढले, छताचे पंखे मोजले. पण शरीराला खरं-खोटं कळत नाही, त्याला फक्त आवाज कळतो. माइकसमोर, वर्षभराच्या जागरणासकट, सुतारकाकू गाढ झोपल्या.

थोड्या वेळाने कॅसेटवर दुसरी करवत सुरू झाली, बारीक आणि जोरकस. प्राध्यापकांनी विजयी मुद्रेने सभागृहाकडे पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. अगदी तशीच आणखी एक करवत ऐकू येत होती, आणि ती कॅसेटवर नव्हती.

"तिसरी?" ते पुटपुटले.

तेवढ्यात कॅसेटवरची पहिली करवत थांबली. पलंग करकरला. सभागृहात एका पुरुषाचा झोपाळू, घोगरा आवाज घुमला:

"अगं... अगं ए. किती घोरतेस."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले, आणि माइकने ते सगळ्यांपर्यंत नेलं. "मी नाही हो. तुम्हीच."

कॅसेटवर दुसरी करवत आपली चाललीच होती. मग तो आवाज पुन्हा आला, आता यंत्राच्या अगदी जवळून, हळू.

"हे चालूच आहे वाटतं. उद्या म्हणेल, मीच घोरतो." जरा थांबून, "म्हणू दे."

खटका पडला. फीत संपली.

काकू जाग्या झाल्या तेव्हा दिवे लागले होते. समोर तीनशे चेहरे, आणि त्यांत लेक रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. प्रमुखांचा चेहरा पांढराफटक. प्राध्यापक वहीतलं काहीतरी खोडत होते. काय झालं असावं याचा काकूंना अंदाज आला. त्या उभ्या राहिल्या.

"करवत नाहीये ती," त्या म्हणाल्या. "आमचे हे आहेत. मी खोटं बोलले. ऐकायला दुसरीकडे कुठे मिळेना."

"आणि दुसरी?" प्राध्यापकांनी विचारलं. आशा माणसाला सहजी सोडत नाही.

"ती माझी. हे मलाही आत्ताच कळतंय."

प्रमुखांनी माफी मागायला तोंड उघडलं तर वखारवाल्यांनी हातानेच थांबवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "आमच्या वखारीत मी लहानपणापासून करवती ऐकल्यात. हा तुकडा ऐकला तेव्हा करवत आठवलीच नाही, नुसते वडील आठवले. असं का, ते कळत नव्हतं. दुपारी वखारीतच, लाकडांवर आडवे व्हायचे."

काचेच्या खोल्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून ध्वनिकक्षापुढे रांग इतकी लांबली की वखारवाल्यांच्या पैशातून एक माणूस जास्तीचा नेमावा लागला. कुणी आईचं ओरडणं आणलं, कुणी वडिलांचा खोकला, कुणी फोनवर राहून गेलेलं 'पोचलास की कळव.' पक्ष्यांच्या बाईंनी लाजत सांगितलं, की पक्षी राहू देत, मधेच ताईची शिंक आहे ती हवी. अट रद्द झाली. प्राध्यापकांनी विषय बदलला आणि पुन्हा भारावून गेले.

काकूंची प्रत लेकीने त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिली. आता झोपेची तक्रार उरली नाही. नवी तक्रार उभी राहिली. मोबाइल उशाशी लावला की पहिल्या खरखरीलाच डोळा लागायचा आणि ह्यांचं ते 'म्हणू दे' यायच्या आत काकू कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. बसून ऐकलं तरी तेच, उभ्याने ऐकलं तर भिंतीला टेकून तेच. म्हणून त्या ग्रंथालयात येऊ लागल्या. काचेच्या खोलीत ताठ बसायच्या आणि प्रमुखांना बजावायच्या, की ह्यांचं बोलणं सुरू होण्याआधी मला हलवा.

प्रमुख हलवायचे. पण त्यांनाही कामं होती. एकदा ते म्हणाले, "काकू, एवढा खटाटोप कशाला? मी फीत पुढे सरकवून देतो की. बसल्या-बसल्या थेट बोलणंच ऐका."

काकूंनी कानांवरचा हेडफोन नीट केला आणि डोळे मिटून घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "आधी झोपू दे त्यांना. दिवसभर राबून आलेत."