हालवोरच्या जाकिटाची फट

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी हालवोरनं आरशासमोर उभं राहून श्वास आत ओढला, डोळे मिटले आणि जाकिटाचं सहावं बटन काजापर्यंत नेण्याचा तिसऱ्यांदा प्रयत्न केला. वरची पाच बटनं निमूट लागली होती. खालची दोन लागण्यातली होती. सहावं मात्र बरोब्बर पोटाच्या माथ्यावर होतं आणि ते काही केल्या ऐकेना.

"गुरो, कपाटात दमट हवा आहे का गं? कापड आटलंय."

"दर वर्षीच आटतं," स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली. "अख्ख्या गावातल्या कपाटांत हीच हवा आहे."

एरवी आमच्या गावात ही थट्टा मार्चपासून सुरू होते आणि सतरा मे उजाडला की संपते. राष्ट्रीय दिनाला सगळेजण आपापला बुनाद, म्हणजे गावचा पिढीजात पोशाख, चढवतात आणि ज्याचा चढत नाही तो कोट घालून 'यंदा जरा सर्दी आहे' असं सांगतो. पण हालवोरला सर्दीचं निमित्त चालण्यासारखं नव्हतं. शाळेच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं मोठा झेंडा धरून तो चालायचा. एकोणीस वर्षं चालत होता. यंदाचं विसावं. आणि मुख्याध्यापिका बेरितचा नियम गावाला पाठ होता: झेंडा धरणाऱ्याचं एकही बटन उघडं दिसता कामा नये.

बरं, हालवोरच्या मागं स्टाइनार उभाच होता. स्टाइनार व्यायाम शिकवायचा, हालवोर विज्ञान. सात वर्षं स्टाइनार मिरवणुकीच्या दुसऱ्या रांगेतून हालवोरची पाठ बघत चालला होता आणि त्या पाठीची रुंदी त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"यंदा झेंडा मी धरला तरी चालेल हं," सोमवारी शिक्षकांच्या खोलीत तो म्हणाला. "तुझ्या तब्येतीसाठी सांगतोय."

हालवोर घरी आला तो हेच डोक्यात घेऊन. जेवताना त्यानं गुरोला विचारलं, "माणसाला भूक नक्की कशी कळते?"

गुरो दाताच्या दवाखान्यात कामाला होती. तिथली जुनी मासिकं वाचून तिला सगळ्याच रोगांची थोडीथोडी माहिती होती. ती म्हणाली, "पोट किती भरलं त्यावरून. पोटाला लोणी कळत नाही नि कोबी कळत नाही. जागा भरली की ते गप्प बसतं."

"म्हणजे हलकं खायचं, पण भरपूर खायचं. उपाशी राहायचं कामच नाही?"

"मासिकात तरी असंच लिहिलंय."

"बघू या काय होतं," हालवोर म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य. या वाक्यापायी शाळेच्या प्रयोगशाळेचं छत दोनदा रंगवावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात कोबी शिजू लागला. कोबी, नवलकोल, गाजर, कांद्याची पात, वर उकडलेला कॉड मासा आणि लोणी नाही. जत्रेत चालेल एवढं पातेलं त्यानं तळघरातून वर आणलं आणि त्या बदल्यात वजनकाटा खाली नेऊन ठेवला.

"काटा कशाला नेलास?"

"पाणी प्यालं तरी तो हलतो. मला काट्यावर उभं राहून झेंडा धरायचा नाहीये. जाकीट हेच खरं माप."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दहाला तो जाकीट घालायचा, पोट सैल सोडायचा, सहाव्या बटनापासून काजापर्यंत पोलादी पट्टी धरायचा आणि आकडा निळ्या वहीत लिहायचा. पहिला आकडा बासष्ट मिलिमीटर. आठवडाभर तो कोबीचं सूप वाडगेच्या वाडगे प्याला. भूक खरंच लागली नाही. बाहेर उणे आठ असताना घरातल्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, शेजारच्या मांजरीनं यायचं सोडलं, पण भूक लागली नाही. दुसऱ्या शनिवारी आकडा आला एकसष्ट.

हालवोरनं वही मिटली. "या वेगानं एकसष्ट आठवड्यांनी बटन लागेल," तो म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही खरं नव्हतं. तो खिडकीशी जाऊन बराच वेळ फ्योर्डकडं, डोंगरांमधल्या खाडीकडं, बघत उभा राहिला. सव्वीस वर्षांच्या संसारात गुरोनं त्याला असा खांदे पाडून उभा कधी पाहिला नव्हता. तिला फार वाईट वाटलं. एका झेंड्यासाठी माणूस एवढा खचतो याचा तिला रागही आला आणि त्या रागासकट त्याची मायाही आली.

तो शाळेत गेला असताना तिनं जाकीट उलटं करून पाहिलं. ते हालवोरच्या आईनं तो पंचवीस वर्षांचा असताना शिवलेलं. लाल लोकरीचं, चांदीच्या बटनांचं. म्हातारी दूरदृष्टीची होती. दोन्ही बगलांच्या शिलाईत तिनं चांगलं बोट बोट कापड आत दाबून ठेवलं होतं.

गुरोला शिवण येत नव्हतं. तुटलेलं बटनसुद्धा ती आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडायची. पण दवाखान्यात हिरड्यांना टाके कसे घालतात ते तिनं रोज पाहिलं होतं. तिनं जुनी शिलाई उसवली, थोडं कापड सोडलं आणि पुन्हा टाके घातले.

तिसऱ्या शनिवारी फट पंचावन्न!

हालवोरनं पट्टी पुन्हा लावली. पुन्हा पंचावन्न. त्यानं गुरोकडं पाहिलं, मग जाकिटाकडं, मग पातेल्याकडं.

"कोबी एकदम लागू पडला वाटतं," गुरो घाईघाईनं म्हणाली.

"फट कमी झाली हे खरं," हालवोर म्हणाला आणि आकडा लिहून घेतला.

तिनं ठरवलं होतं की हे एकदाच. पण पुढच्या शनिवारी फट आहे तिथंच राहिली असती तर तो पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला असता. म्हणून दर शुक्रवारी तो शाळेतून यायच्या आत गुरो जाकीट उलटं करू लागली. पंचावन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस. बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली. बेरितनं विचारलं, "हालवोर, उपास करतोस का?"

"छे! पोटभर खातो. कोबी आणि मासा."

"आणि फट?"

"अठरा मिलिमीटरनं कमी झाली."

स्टाइनार कोपऱ्यात बसून कॉफी पीत होता. त्याच संध्याकाळी गावातल्या दुकानातला सगळा कोबी संपला.

सहाव्या आठवड्यात हालवोरच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. शनिवारी सकाळी तो म्हणाला, "गुरो, एक वाफल करशील? एकच. वर ते आपलं तपकिरी चीज."

"वाफल? आत्ता? सगळं मुसळ केरात जाईल!"

"कोबी काय करतो ते कळलं. आता वाफल काय करतं ते बघू या."

गुरोनं साच्यात गोड पीठ ओतून वाफल केलं. पुढच्या शुक्रवारी, न जाणो, म्हणून तिनं थोडं जास्तच कापड सोडलं. शनिवारी फट आठ मिलिमीटरनं कमी.

"बघ!" हालवोर म्हणाला. "वाफल खाऊन आठ."

मग आठवड्याला दोन वाफलं झाली. मग रोज एक. मग वाफलावर जॅम आलं आणि जॅमवर साय. कापड सोडावं तर तो अजून खायचा. सोडू नये तर फट उघडी पडून सगळी लबाडी बाहेर येणार. गुरोची पुरती गोची झाली होती. ज्या घरात तिनं 'वाफलांचा पसारा नको' म्हणून वर्षानुवर्षं साचा वरच्या फळीवर ठेवला होता, त्या घरात आता साचा थंड म्हणून होत नव्हता. आणि नाही म्हणायचं तिला तोंड उरलं नव्हतं.

स्टाइनारला राहवलं नाही. "काय रे, तू वाफलं खातोस म्हणे?"

"रोज."

"आणि फट?"

"सोळा राहिली. मी फक्त जे दिसतं ते सांगतोय."

स्टाइनारनं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. मला गाळात घालायला हा वाफलं सांगतोय, अशी त्याची खात्री झाली. त्यानं वाफलाला शिवायचंही नाही असं ठरवलं, कोबीचं प्रमाण दुप्पट केलं आणि रोज संध्याकाळी टेकडी चढू लागला. त्याच्या बायकोनं भावाच्या घरी जेवायला जायला सुरुवात केली.

मेच्या पहिल्या आठवड्यात गुरोनं पुन्हा शिलाई उसवली. कापड संपलं होतं. आता काठाचे धागे तेवढे उरले होते आणि फट अजून नऊ मिलिमीटर. ती जाकीट पिशवीत घालून आस्लाउगकडं गेली. पंचक्रोशीतले बुनाद शिवणारी ती एकटीच.

"नोव्हेंबरमध्ये ये," दार उघडताच आस्लाउग म्हणाली. "मे महिन्यात माझ्याकडं कपडा घेऊन कुणी येत नाही, सगळे पोटं घेऊन येतात."

"नुसतं बघा तरी हो."

म्हातारीनं चष्मा चढवला. "हे टाके कुणी घातले? दातांच्या डॉक्टरनं?"

गुरो लाजली. आस्लाउगनं जाकीट उलटंसुलटं केलं. "पाठीत मधोमध उसव आणि एक पट्टी घाल. वरून कोट असतोच. पण लाल लोकर माझ्याकडं नाही. तुझं तूच बघ."

लाल लोकर गावात कुणाकडंच नव्हती. घरात लोकर होती ती गुरोच्या स्वतःच्या बुनादच्या घागऱ्याची, निळीशार. तिच्या आजीपासून चालत आलेला घागरा. गुरोनं तो पलंगावर पसरला. मग तिनं खालच्या काठाची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि नवऱ्याच्या लाल पाठीत शिवून टाकली.

सतरा मेला सकाळी असं ऊन पडलं की लोक एकमेकांचं अभिनंदन करू लागले. शाळेच्या अंगणात बेरित प्रत्येकाची बटनं तपासत होती. हालवोरनं कोट पुढून उघडा ठेवला होता. सहावं बटन लागलेलं.

"श्वास घे," बेरित म्हणाली.

त्यानं घेतला. बटन जागचं हललं नाही.

"कमाल आहे! आणि तू रे, स्टाइनार? गालफडं बसलीत की तुझी!"

"अकरा किलो," स्टाइनार छाती काढून म्हणाला. "एकही वाफल नाही. झेंडा उचलण्याचा हक्क खरं तर..." असं म्हणत त्यानं काठी घ्यायला दोन्ही हात पुढं केले. त्याबरोबर त्याची विजार गुडघ्यांकडं निघाली. ती त्यानं वरच्यावर पकडली खरी, पण सातवीच्या अख्ख्या वर्गानं जल्लोष केला. बुनाद आवळून घ्यायला तोही आस्लाउगकडं गेला होता. त्यालाही तिनं नोव्हेंबर सांगितला होता.

बेरितनं ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि झेंडा हालवोरच्या हाती दिला. स्टाइनारला 'हुर्रा' ओरडायचं काम मिळालं, कारण ते एका हातानं टोपी हलवून होतं.

मिरवणूक चर्चपर्यंत गेली तोवर बावीस अंश झाले होते. सगळ्यांनी कोट काढून खांद्यावर टाकले. "काढ की!" लोक हालवोरला ओरडून सांगत होते. "शिजशील!" हालवोरच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, चेहरा जाकिटासारखा लाल झाला होता, पण त्यानं कोट काढला नाही. रस्त्याकडेला उभ्या गुरोचा जीव वरखाली होत होता. आता काढेल, मग काढेल. मागं तीनशे डोळे होते. पण पठ्ठ्यानं परत शाळेपर्यंत, झेंडा खांबाला टेकवीपर्यंत, एक बाही सैल केली नाही.

दुपारी सगळी मंडळी आइस्क्रीमच्या रांगेत असताना दोघं फ्योर्डकाठच्या बाकावर येऊन बसली. गुरोला आता राहवेना.

"हालवोर, मला तुला एक सांगायचंय. ती फट..."

"थांब," तो म्हणाला. त्यानं कोट काढला. लाल पाठीवर निळी पट्टी उन्हात झळाळत होती. खिशातून त्यानं निळी वही काढली आणि मागच्या बाजूनं उघडून तिच्या मांडीवर ठेवली. तिथं दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'पोट', दुसऱ्यावर 'कापड'.

गुरोनं 'कापड'चा रकाना वाचला. तिसऱ्या शनिवारपासून दर आठवड्याचा आकडा त्यात होता, अगदी ती सोडायची तेवढाच.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, एका आठवड्यात सहा मिलिमीटर! मी विज्ञान शिकवतो. तू दूध आणायला गेलीस तेव्हा रिकाम्या जाकिटालाच पट्टी लावली. आत बघितलं तर टाके असे, जणू कुणी दाढ शिवलीय."

"मग बोलला का नाहीस? तीन महिने माझा जीव टांगणीला!"

"बोलणार होतो. पण त्याच्या आदल्या शनिवारी मी खिडकीशी खचून उभा होतो आणि तुला ते न सांगता कळलं होतं. ते मला इतकं आवडलं की मोडावंसं वाटेना." त्यानं कपाळ पुसलं. "आणि मग वाटलं, बघू या, ही कुठपर्यंत जाते. वाफलाला तू नाही म्हणेनास. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

गुरोनं त्याच्या दंडावर चांगली चापट मारली. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"घागरा कापायला नको होतास," तो हळूच म्हणाला. "सकाळी तुझे घोटे दिसत होते."

त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली. लांबून स्टाइनार येताना दिसत होता, एका हातात विजार, दुसऱ्यात सॉसेज. गुरोनं वहीचं पान सरळ केलं आणि शेवटची ओळ स्वतः लिहिली: सतरा मे. कापड संपलं. पोट होतं त्याहून मोठं. भूक अजिबात नाही.