धुवून घेतलेलं यश

पेशी ही मुळात संशयी स्वभावाची असते. परक्याला ती सहजासहजी घरात घेत नाही. आणि तिला गोड बोलून दार उघडायला लावणं, यालाच प्रगत संशोधन म्हणतात.

आमच्या संस्थेत हे काम पॉलिमर विभागाकडे आहे. रुग्णाचं एखादं जनुक बिघडलेलं असेल तर चांगलं जनुक पेशीत नेऊन सोडायला वाहक लागतो. विषाणूंना या कामाचा दांडगा अनुभव आहे, पण त्यांची चालचलणूक बरी नाही. म्हणून विभागप्रमुखांनी कृत्रिम पॉलिमरची साखळी बनवली. ती जनुकाला मिठी मारून आत नेते. पहिल्या साखळीची मिठी इतकी घट्ट, की आत गेल्यावरही सुटेना. (अहवालात : ‘जनुक अत्यंत सुरक्षित आढळले.’) दुसरीने दारातच माल सांडला. तिसरीने मात्र जनुक व्यवस्थित पोहोचवलं आणि निघताना बहुतेक पेशींच्या भिंती पाडल्या.

इथे विभागाची शिस्त कामी आली. मोजणीआधी पेशी वाढवलेली काचेची बशी धुवायची, असा नियमच आहे. मेलेल्या पेशी बशीला धरून राहत नाहीत, पाण्याबरोबर जातात. राहिलेल्यांपैकी शेकडा चौऱ्याण्णव पेशींत जनुक पोहोचलेलं आढळतं. (राहिल्या किती, हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा. तो विभाग अजून स्थापन व्हायचा आहे.)

चौऱ्याण्णव म्हटल्यावर रुग्णांवर चाचणी मंजूर झाली. विभागप्रमुखांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे पाय दिवसेंदिवस दुबळे होत चालले आहेत. जिना ती आता बसत बसत उतरते. मामांनी पहिलं नाव तिचंच सुचवलं, तेही अगदी मनापासून. संमतीपत्रावर सही करण्याआधी बहीण प्रयोगशाळा बघायला आली. मामांनी साखळीचं कौतुक सांगितलं, विभागातल्या संशोधक बाईंनी बशी धुतली.

“दादा, ते आत्ता ओतून दिलं ते काय होतं?”

“काही नाही गं. टिकल्या नाहीत त्या.”

“किती होत्या?”

विभागप्रमुखांनी संशोधक बाईंकडे पाहिलं. बाईंनी नळाकडे पाहिलं.

“मग आमच्या छोटीला तू कधी मोजणार? धुवायच्या आधी की नंतर?”

शास्त्रात असा भावनिक विचार करून चालत नाही, हे त्यांनी तिला बराच वेळ समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि सही न करता गेली. छोटी अजून जिना बसूनच उतरते. दुसरा उपाय अजून कोणाकडेच नाही.

चाचणी वेळेवर सुरू झाली. सहभागी कुटुंबांपैकी शंभर टक्के कुटुंबांनी आनंदाने संमती दिल्याचं अहवालात नमूद आहे.

या पद्धतीला काही जण नावं ठेवतात. त्यांच्या माहितीसाठी : प्रस्तुत कथाही आम्ही याच पद्धतीने तपासून घेतली आहे. या ओळीपर्यंत आलेल्या वाचकांपैकी एकानेही ती मध्येच सोडलेली नाही. आपण आलातच, आता आपल्यालाही मोजलं आहे.